विषारी वनस्पतींची ओळख शाळेतच व्हायला हवी

विषारी वनस्पती ओळखायची एखादी सोपी खूण सांगा, असे लोक हटकून विचारतात. समोरचे पान खाण्याजोगे आहे की घातक, हे एका नजरेत कळावे असे कोणालाही वाटेल. पण या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे: अशी खूण नाही. रंग, वास, चव, चीक, काटे, किडीने कुरतडलेली पाने, पक्ष्यांनी टोचलेली फळे, यांपैकी कशावरूनही विष ओळखता येत नाही. एकेक वनस्पती तिच्या सगळ्या अंगांनिशी ओळखू लागणे हाच मार्ग आहे आणि तो लांबचा आहे. हा लांबचा मार्ग आपण समाज म्हणून सोडून दिला, त्याच्या जागी ठोकताळे आणि भीती आणून बसवली, आता त्यात मोबाइलमधल्या ॲपची भर पडली. त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा लहान मुलांना पडतो. म्हणून मला वाटते की परिसरातल्या वनस्पतींची ओळख, त्यांतही विषारी वनस्पतींची ओळख, शाळेत अक्षरओळखीइतक्याच गांभीर्याने झाली पाहिजे.

आधी ठोकताळ्यांकडे पाहू, कारण माणसे त्यांच्याच भरवशावर पाने तोडतात.

कडू ते विषारी आणि गोड ते खाण्याचे, हा त्यांतला सर्वांत पसरलेला समज. मोगली एरंडाच्या बिया चवीला छान लागतात. म्हणूनच खेळता खेळता एका मुलाने त्या फोडून खाल्ल्या की बाकीची मुलेही खातात, आणि थोड्याच वेळात एकाच वेळी अनेक मुले उलट्या-जुलाबांनी हैराण होऊन दवाखान्यात येतात. बेलाडोना या विषारी युरोपीय वनस्पतीची काळी चकचकीत फळे गोडसर असतात. कॅरिबियन किनाऱ्यावर मँचिनील नावाचे झाड आहे. त्याच्या चिकाने कातडी भाजते, पावसात त्याच्याखाली आडोशाला उभे राहिले तरी अंगावर फोड येतात. 1999 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टर बाईंनी टोबॅगोच्या किनाऱ्यावर पडलेले त्याचे फळ थोडेसे खाल्ले. पहिला घास त्यांना गोड आणि रसाळ लागला. घशाची आग सुरू झाली ती नंतर. त्या बचावल्या आणि पुढच्या वर्षी त्यांनी हा अनुभव ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिला. वैद्यकाचे शिक्षण झालेल्या माणसाच्या जिभेलाही या झाडाने सावध केले नाही.

पक्षी आणि जनावरे जे खातात ते आपल्याला चालते, हा दुसरा समज. यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाला लाल, मांसल आवरणाची बी येते. पक्षी ते आवरण पचवतात आणि आतली बी न फुटता विष्ठेतून बाहेर पडते. तीच बी चावली गेली तर हृदय बंद पडू शकते. या वृक्षाचा पाला हरणे चरतात, गाई आणि घोडे त्यानेच मरतात. काही सशांच्या रक्तात बेलाडोनातले ॲट्रोपीन हे विष मोडून टाकणारे विकर (एन्झाइम) असते, आपल्या रक्तात ते नसते. प्रत्येक प्राण्याचे शरीर वेगळ्या वनस्पतींच्या सहवासात लाखो वर्षे घडले आहे. पोपटाला जे पचते त्यावरून माणसाच्या यकृताबद्दल काहीच कळत नाही.

उकळले की विष जाते, हेही तितकेच ठामपणे सांगितले जाते. 1676 मध्ये अमेरिकेतल्या जेम्सटाउन इथे बंड मोडायला आलेल्या इंग्रज सैनिकांनी धोतऱ्याची कोवळी पाने उकडून खाल्ली. रॉबर्ट बेव्हर्ली याने 1705 मध्ये लिहिलेल्या इतिहासात त्यांची अवस्था वर्णन केली आहे: कोणी हवेत पीस फुंकत बसला, कोणी त्याच पिसावर गवताच्या काड्या फेकत राहिला, कोणी कोपऱ्यात नागडा बसून दात विचकत होता. अकरा दिवसांनी ते भानावर आले आणि मधले काहीच त्यांना आठवत नव्हते. काही विषे उष्णतेने खरोखर मोडतात. एरंडाच्या बीतले रायसिन हे प्रथिन आहे, ते तापवल्याने निकामी होते. पण कोणते मोडते आणि कोणते टिकते हे आधी वनस्पती ओळखल्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणजे आपण पुन्हा मूळ प्रश्नापाशीच येतो.

वासाची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. युरोपातल्या जंगलांत वसंत ऋतूत रानलसणाची पाने गोळा करणाऱ्यांची गर्दी असते. त्याच सुमाराला, तशाच ओलसर जागी, कोल्चिकम या अतिशय विषारी वनस्पतीची पाने वर येतात. दोन्ही पाने लांबट, हिरवीगार, समांतर शिरांची. पान चुरगळून लसणाचा वास येतो का ते पाहा, असे सांगितले जाते. पहिल्या दहा-वीस पानांना हे लागू पडते. त्यानंतर हातालाच लसणाचा वास लागलेला असतो आणि कोल्चिकमचे पान चुरगळले तरी तोच वास येतो. शिवाय कोल्चिकम फुलतो शरदात. पाने वसंतात, फूल शरदात, दोन्ही एकत्र कधी दिसत नाहीत. ज्याने पुस्तकात त्याचे जांभळट फूल पाहून ओळख करून घेतली आहे, त्याला वसंतातले पान अनोळखीच असते. या गोंधळातून युरोपात वारंवार विषबाधा झाल्या आहेत आणि माणसे मेली आहेत. फरक नाही असे नाही. रानलसणाच्या प्रत्येक पानाला जमिनीतून स्वतंत्र देठ येतो. कोल्चिकमची पाने बिनदेठाची, ताठ, चकचकीत आणि एकातून एक निघालेली असतात. फरक पाहणाऱ्याला दिसतो, घाईने ओरबाडणाऱ्याला दिसत नाही.

विषाला एकच खूण का नाही, याचे कारण समजले की ठोकताळ्यांचा मोह आपोआप कमी होतो. झाडाला पळता येत नाही. त्याला खाणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे: बुरशी, अळ्या, गोगलगाई, खुरांचे प्राणी. त्यांना रोखायला वनस्पतींनी हजारो रसायने घडवली आणि प्रत्येकाचा मारा वेगळ्या जागी आहे. बचनागातले ॲकोनिटीन चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूंमधली सोडियमची दारे उघडीच ठेवते. तोंडाला मुंग्या येतात आणि पुढे हृदयाची लय बिघडते. कण्हेर आणि पिवळ्या कण्हेरीतली ग्लायकोसाइडे हृदयाच्याच पेशींवर, पण वेगळ्या पंपावर काम करतात. गुंजेतले ॲब्रिन पेशीतले प्रथिनांचे उत्पादन थांबवते. हेमलॉक या विषारी वनस्पतीतले कोनाइन स्नायूंना चेतातंतूंचा निरोप पोहोचू देत नाही, म्हणून शेवटपर्यंत माणूस शुद्धीवर असतो आणि श्वास थांबतो. ख्रिस्तपूर्व 399 मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसला दिलेला प्याला हेमलॉकचाच होता असे मानले जाते. रुईच्या चिकाचा थेंब डोळ्यात गेला तर फारशी वेदना न होताच दृष्टी धुरकट होऊ शकते, आणि दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. इतक्या वेगळ्या रसायनांना एकच रंग, एकच चव, एकच वास असेल तरी कसा?

बरे, कुळावरूनही निकाल लावता येत नाही. हेमलॉक ज्या कुळातला आहे त्याच कुळात गाजर, कोथिंबीर, जिरे आणि बडीशेप आहेत. छत्रीसारखा पांढऱ्या फुलांचा झुबका, पिसासारखी चिरलेली पाने, पोकळ खोड, सगळे सारखे. हेमलॉकच्या गुळगुळीत खोडावर जांभळे ठिपके असतात आणि चुरगळल्यावर उंदराच्या मुतासारखा वास येतो. पण कोवळ्या रोपावर ठिपके नेहमी ठळक नसतात. धोतरा, बेलाडोना आणि तंबाखू ज्या कुळात, त्याच कुळात बटाटा, टोमॅटो, वांगे आणि मिरची. विष झाडाच्या एका भागात असते आणि दुसऱ्या भागात नसते. एकाच जातीच्या दोन धोतऱ्यांत, इतकेच काय एका झाडाच्या पान आणि बी यांत, विषाचे प्रमाण वेगळे असते. म्हणून ‘माझ्या ओळखीच्या एकाने खाल्ले, त्याला काही झाले नाही’ या वाक्याला पुरावा म्हणून शून्य किंमत आहे.

मग ओळख म्हणजे काय? ओळखीचा माणूस पाठमोरा चालताना दिसला तरी आपण त्याला ओळखतो, कारण आपण त्याला अनेकदा, अनेक प्रसंगी पाहिलेले असते. वनस्पतीची ओळख अशीच होते. पाने खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ आहे की पान खोडाला बिलगलेले आहे, कडा अखंड की दातेरी, शिरा कशा धावतात, पानाच्या पाठीवर लव आहे का, तोडल्यावर चीक येतो का, फुलाला पाकळ्या किती, फळ कोणत्या जागी धरते, आणि हे सगळे अंकुरापासून वाळेपर्यंत कसे बदलत जाते. कळलावीचे उदाहरण घ्या. पिवळ्यातून लालबुंद होत जाणाऱ्या, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्यांचे ते फूल एकदा पाहिले की कोणी विसरत नाही. पानाचे टोक लांबून वेटोळे होते आणि त्याने वेल आधार धरते, ही दुसरी पक्की खूण. पण जमिनीवरची वेल वाळून गेली, नुसता कंद खणून हाती आला, की यातले काहीच उरत नाही. श्रीलंकेत असे कंद रताळी समजून खाल्ल्याने लोक दगावल्याच्या नोंदी आहेत. ज्याने कळलावीचे फूल पाहिले, त्याने कळलावीचा कंदही पाहिलेला असला पाहिजे. एका छायाचित्रात मावणारी ही ओळख नव्हे.

नेमकी इथेच ॲपची मर्यादा येते. वनस्पती पाहण्याची आवड लावायला ही साधने उपयोगी आहेत. नाव सुचवतात, मग माणूस शोध घेतो, हे चांगलेच आहे. पण छायाचित्रात दिसेल तेवढेच त्यांना कळते. कंद, वास, चीक, पानाची पाठ त्यांना दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या विषतज्ज्ञांनी 2023 मध्ये अळंबी ओळखणारी तीन ॲप तपासली. त्यांतल्या सर्वांत चांगल्या ॲपनेही साधारण निम्मेच नमुने बरोबर ओळखले. अळंबी म्हणजे वनस्पती नव्हे हे खरे, पण ओळखीची अडचण तीच आहे. त्याच वर्षी यंत्राकरवी लिहून घेतलेली, रानातले खाद्य ओळखायला शिकवणारी पुस्तके इंटरनेटवर विक्रीला आली आणि अळंब्यांच्या अभ्यासकांना लोकांना जाहीर सावध करावे लागले. नाव सुचवणे आणि ‘हे खाण्याजोगे आहे’ असे सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी गोष्ट कोणत्याही ॲपला करू देता कामा नये. औषधाच्या वेष्टनावर काय लिहावे याचे नियम असतात, तसा नियम इथेही हवा.

जंगलात तग धरण्याच्या नावाखाली आणखी एक पद्धत सांगितली जाते. पान आधी कातडीवर चोळा, मग ओठाला लावा, मग जिभेवर ठेवा, मग छोटा घास घ्या आणि काही तास थांबा. अमेरिकी सैन्याच्या पुस्तिकेत ती आहे. दुसरे काहीही खायला नसलेल्या, शत्रूच्या मुलखात अडकलेल्या सैनिकासाठी तो अखेरचा उपाय आहे. सहलीला गेलेल्या माणसांनी हौसेने करण्याचा तो प्रयोग नाही. या पद्धतीत एक गृहीत दडलेले आहे: विष असेल तर काही तासांत कळेल. हे गृहीतच खोटे आहे, आणि लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली बाबही हीच आहे.

कळलावी आणि कोल्चिकम यांतले कोल्चिसीन पहिले काही तास गप्प राहते. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, ते साध्या अपचनासारखे वाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अस्थिमज्जा, मूत्रपिंडे, यकृत, हृदय एकेक करून कोसळू लागतात. तोवर पोटातले विष काढण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. याहून संथ विषे आहेत. 1970 च्या दशकाच्या मध्याला अफगाणिस्तानच्या हेरात प्रांतात, दुष्काळानंतर, गावेच्या गावे पोटात पाणी होऊन खंगू लागली. गव्हाच्या शेतात माजलेल्या हेलिओट्रोपियम या तणाच्या बिया धान्यात मिसळल्या जात होत्या आणि त्यांतली अल्कलॉइडे नावाची विषे यकृतातल्या बारीक शिरा बुजवत होती. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही खेड्यांत मूत्रपिंडांचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. वैद्यकाने त्याची नोंद 1950 च्या दशकात घेतली. पाणी, माती, आनुवंशिकता, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेतात उगवणाऱ्या ॲरिस्टोलोकिया या वेलीच्या बिया गव्हाबरोबर दळल्या जात होत्या, याचा भक्कम पुरावा यायला 2007 उजाडले. त्याच गटातल्या दुसऱ्या वेलीने ब्रुसेल्समध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी तिच्याशी नावाचे साधर्म्य असलेली ही वेल गेली होती. गोळ्या घेणाऱ्यांना ‘नैसर्गिक’ या शब्दाने निर्धास्त केले होते. कोणत्याही जिभेने, कोणत्याही काही तासांच्या कसोटीने हे विष कळले नसते.

आता ओळखीच्या अभावाची समाजाला काय किंमत पडते ते पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्य भागात नव्याने वसलेल्या वस्त्यांमध्ये माणसे थरथरत, उलट्या करत मरत होती. अब्राहम लिंकनची आई नॅन्सी हिला 1818 मध्ये इंडियाना प्रांतात याच आजाराने मरण आले, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आजार दुधातून येतो एवढे लोकांना कळले होते. गाई पांढऱ्या फुलांचे एक रानटी झुडूप खातात आणि त्याचे विष दुधात उतरते, हे ॲना बिक्सबी या वैदू बाईंना 1830 च्या दशकात कळले. शॉनी जमातीच्या एका वृद्धेने त्यांना ते झाड दाखवले, असे सांगितले जाते. बिक्सबींनी आपल्या भागातून ते झुडूप उपटवले आणि आजार आटोक्यात आणला. पण अधिकृत विज्ञानाने त्या झुडपातले विष वेगळे करून शिक्कामोर्तब केले 1928 मध्ये. मधली नव्वद-एक वर्षे इतर ठिकाणची माणसे मरतच राहिली. ज्ञान होते, ज्यांच्याकडे होते त्यांना कोणी विचारत नव्हते.

हे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षे दर शरदात लहान मुले अचानक आजारी पडत, बेशुद्ध होत आणि त्यांतली बहुतेक दगावत. विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर असे निदान होत राहिले, विषाणूचा शोध चालू राहिला. स्थानिक बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटाने माग काढून 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारण दाखवले: कासविंद्याच्या शेंगा. रिकाम्या जागेत सगळीकडे उगवणाऱ्या या झुडपाच्या बिया मुले खेळताना खात होती आणि यकृत, स्नायू व मेंदू यांना एकदम इजा होत होती. ‘मुलाने आदल्या एक-दोन दिवसांत कोणती पाने, बिया, शेंगा खाल्ल्या?’ हा प्रश्न विचारला जायला इतकी वर्षे गेली. मला या घटनेचा राग येतो आणि तो कोणा एका डॉक्टरवरचा नाही. आपण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शेकडो विषाणूंची नावे शिकवतो आणि अंगणात उगवणाऱ्या दहा झुडपांना त्यांनी नावाने ओळखावे अशी अपेक्षाही ठेवत नाही.

यावर काही लोकांचे उत्तर तयार असते: विषारी झाडे उपटून टाका. शाळेच्या, बालवाडीच्या आवारात कण्हेर, पिवळी कण्हेर, गुंज, मोगली एरंड, धोतरा असू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. दोन-तीन वर्षांचे मूल सगळे तोंडात घालते, त्याला शिकवून उपयोग नाही, तिथे झाड हलवणेच शहाणपणाचे. पण तेवढ्यावरून रानातली, बांधावरची, ओढ्याकाठची झाडे संपवायला निघणे हे अज्ञानाचेच दुसरे रूप आहे. 1785 मध्ये विल्यम विदरिंग याने फॉक्सग्लोव्ह या विषारी वनस्पतीचा हृदयविकारावरचा उपयोग जगासमोर मांडला. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या वीसेक वनस्पतींच्या काढ्यातून नेमकी कामाची वनस्पती ओळखून त्याने ती वेगळी काढली, हे त्याचे मोठे काम. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगतच्या यूच्या सालीतून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल 1992 पासून कर्करोगावर वापरले जात आहे. बेलाडोना-धोतऱ्यातले ॲट्रोपीन कीटकनाशकांच्या विषबाधेवर जीव वाचवते. कोल्चिसीन हे गाउट या सांधेदुखीवरचे औषध आहे. रुईच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या ते विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात. रुई गेली की त्याही गेल्या.

आणि भीतीनेही नुकसान होते. 1919 मध्ये हवाईत पॉइनसेटिया या लाल पानांच्या शोभेच्या झाडाचे पान खाऊन एक मूल दगावले अशी बातमी पसरली. तिला आधार सापडला नाही, झाड फारसे विषारी नाही हे पुढे प्रयोगांतून दिसले, तरी शंभर वर्षांनंतरही लोक त्याला जीवघेणे समजतात. खोट्या धोक्यांची यादी लांबली की खरे धोके तिच्यात हरवतात. मुलांनी पाने चावल्याच्या बहुसंख्य घटनांमध्ये गंभीर काही होत नाही, हेही पालकांना सांगायला हवे. सरसकट घाबरवलेले मूल झाडांपासून दूर पळते आणि शेवटी कोणतेच झाड त्याच्या ओळखीचे राहत नाही.

म्हणून मी शाळेचा आग्रह धरते. पाठ्यपुस्तकातला एखादा धडा आणि त्यावरचे पाच गुणांचे प्रश्न मला नको आहेत. दर वर्षी आवारातल्या आणि जवळच्या रानातल्या दहा वनस्पती, तीनही ऋतूंत पाहिलेल्या, चित्र काढलेल्या, नावाने ओळखलेल्या. त्यांत तीन-चार विषारी असाव्यातच, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या निर्धोक वनस्पती ठेवून फरक शिकवावा. दहा वर्षांत शंभर वनस्पती होतात. ज्यांचे सगळे आयुष्य रानात गेले आहे अशा बायकांना आणि माणसांना शिकवायला बोलवावे, मानधन द्यावे, आणि वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने त्या माहितीला शास्त्रीय नावाची जोड द्यावी. दोघांपैकी एकानेच शिकवले तर ते अपुरे राहील. जाणकाराला आपल्या डोंगरापुरते पक्के ठाऊक असते, पण एका नावाने दुसऱ्या गावी दुसरे झाड ओळखले जात असेल तर तो अडतो. शास्त्रज्ञाला नाव अचूक माहीत असते, पण उन्हाळ्यात वाळलेल्या वेलीखाली कंद कोणता हे त्याने खणून पाहिलेले नसते.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, ही हरकत मी ऐकली आहे. हरकत खोटी नाही. पण रस्ता ओलांडायचे नियम, विजेच्या तारेला हात न लावणे, खोल पाण्याची भीती बाळगणे हे आपण अभ्यासक्रम जड आहे म्हणून वगळत नाही. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: विषारी झाडे शिकवली तर कोणी त्यांचा गैरवापर करील. मात्रा आणि तयारीच्या पद्धती शिकवायच्याच नाहीत. झाड ओळखणे, दूर राहणे आणि कोणी खाल्ले तर काय करायचे, एवढेच शिकवायचे. ज्याला घातच करायचा आहे त्याला माहिती मिळवायला शाळा लागत नाही. जे मूल नकळत शेंग फोडणार आहे त्याला मात्र शाळेखेरीज सांगणारे कोणी उरलेले नाही.

शाळेबाहेरही कामे आहेत. रोपवाटिकांनी विकलेल्या प्रत्येक विषारी रोपावर चिठ्ठी असावी: कोणता भाग विषारी, लक्षणे काय. उद्यानांतल्या पाट्यांवर झाडाच्या नावाशेजारी हे लिहावे. शिकागोमध्ये 1953 मध्ये विषबाधेबद्दल सल्ला देणारे पहिले केंद्र सुरू झाले, तेव्हापासून अशी केंद्रे अनेक देशांत उभी राहिली. त्या प्रत्येक केंद्राला फोनवर बोलावता येईल असा वनस्पतितज्ज्ञ जोडलेला असावा आणि त्या भागातल्या विषारी वनस्पतींच्या पाना-फळा-बियांचा, कोवळ्या आणि वाळलेल्या नमुन्यांचा संग्रह असावा. उलटीत सापडलेल्या अर्धवट चावलेल्या बीवरून झाड ओळखायचे असते, तेव्हा पुस्तकातले फुललेल्या फांदीचे चित्र कामाचे नसते. उतारा ठराविक विषांवरच असतो. कण्हेरीच्या विषावर डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाविरुद्धची प्रतिपिंडे चालतात, धोतऱ्याच्या गंभीर विषबाधेत फायसोस्टिग्मिन हे औषध उपयोगी पडते, गुंजेच्या विषावर उताराच नाही. कोणता रुग्ण कुठल्या दिशेने जाणार हे त्या ओळखीवर ठरते.

तोवर घरोघरी एवढे तरी माहीत असावे. कोणी अनोळखी झाडाचा भाग खाल्ला तर तोंडात उरलेले काढून टाका, तोंड धुवा आणि लक्षणांची वाट न पाहता विषमाहिती केंद्राला किंवा दवाखान्याला कळवा. श्वास अडखळत असेल, शुद्ध हरपत असेल, झटके येत असतील तर थेट रुग्णालय गाठा. घशात बोटे घालून उलटी करवू नका. उलटी करवणारे औषध घरी देण्याची शिफारस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2003 मध्ये मागे घेतली, कारण त्याने फायदा होत असल्याचे दिसले नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मीठ-पाणी, दूध, घरगुती उतारे यांत वेळ घालवू नका. डोळ्यात चीक गेला असेल तर वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळा धुवा आणि दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवा. खाल्ल्याची वेळ लिहून ठेवा. आणि त्या झाडाची फांदी, पान, फूल, फळ, जमल्यास मुळासकट, पिशवीत घालून बरोबर न्या. तोडणे शक्य नसेल तर पानाची दोन्ही अंगे, खोड आणि आख्खे झाड दिसेल अशी छायाचित्रे काढा.